शेडमधल्या दोन खुर्च्या

आयर्लंडमधल्या स्वोर्ड्स गावाहून डब्लिनला जाणाऱ्या सकाळच्या बसमध्ये माझ्या शेजारची जागा सगळ्यात शेवटी भरते. का, ते माझा सावळा रंग पाहिला की सांगायला नको. पण ती आयरिश आजी निम्मी बस रिकामी असली तरी थेट माझ्याशेजारी येऊन बसायची. नाव मी कधी विचारलं नाही. मांडीवर पुस्तक, आणि पान उलटायच्या आधी हातमोजा दातांनी ओढून काढायची सवय.

पुस्तक अमेरिकेच्या दक्षिणेतल्या एका लेखिकेच्या कथांचं. गोऱ्या घरात काळा जावई आला, की कोण कोणाशी अबोला धरतं, अशा गोष्टी.

"अमेरिका कसली? आमचंच घर आहे हे," ती एकदा म्हणाली. नातीने नायजेरियन डॉक्टरशी लग्न केल्यापासून आजोबांनी तिला घराचे दरवाजे बंद केले होते. आजी भांडली नाही. आजोबा बटाटे सोलायला बसले, की ती रोज एक कथा मोठ्याने वाचायची. "हात ओले असतात, उठून जाता येत नाही!"

गेल्या सोमवारी ती पुस्तकाशिवाय आली.

"हरवलं?"

"नवऱ्याकडे आहे. शनिवारी कथेतल्या हट्टी म्हाताऱ्यावर भडकला. म्हणाला, या गाढवाला कुणीतरी सांगायला हवं. मी म्हटलं, मग सांग की!"

"मग?"

"उठून मागच्या अंगणातल्या शेडमध्ये गेला आणि दोन खुर्च्या घेऊन आला. काल नात आणि तिचा डॉक्टर आले, आम्ही चौघं जेवलो."

उतरताना इथे सगळेच ड्रायव्हरला थँक्यू म्हणतात. त्या दिवशी आजी इतक्या जोरात म्हणाली, की काहीच माहीत नसलेल्या ड्रायव्हरनेही खुशीत हॉर्न वाजवला.