सेपांगचे ब्रेक, सासूबाईंची ईद

सेरेंबानच्या जमीन कार्यालयात हसनुल कामावर आल्याचं सगळ्या इमारतीला कळतं, निदान मागच्या वर्षापर्यंत तरी कळत असे. त्याची जुनी तीन दारांची गाडी फाटकाशी वळली की अशी किंकाळी उठायची की नवखे अर्जदार खुर्चीवरून उठून उभे राहायचे. आम्ही जुने लोक चहाचं पाणी ठेवायचो.

किंकाळी ब्रेकची. हसनुलला छंद एकच. अधूनमधून सेपांगच्या ट्रॅकवर जाऊन गाडी पळवायची. त्यासाठी त्याने पुढच्या चाकांना शर्यतीचे पॅड आणले. या पॅडचा स्वभाव असा, की तापले की गाडी जागच्या जागी रोवतात, आणि थंड असले की नुसते ओरडतात. शहाणी माणसं ते ट्रॅकवर बसवतात आणि निघताना काढून साधे लावतात. हसनुलही तसंच करायचा. मग एके दिवशी त्याने विचार केला, ही त्याची जुनी खोड आहे, की जे ब्रेक सेपांगच्या वळणावर जीव वाचवतात ते बायकोमुलांना का नकोत? साधे पॅड बिस्किटांच्या डब्यात गेले आणि डबा डिकीत.

तेव्हापासून तो रोज घरून निघताना डावा पाय ब्रेकवर टेकवून, हिसके देत देत, पॅड तापवत गल्ली पार करायचा.

"बांग, गाडी चालवताय की नारळ खवताय?" रोहाया, त्याची बायको, विचारायची; आमच्याकडे नवऱ्याला बांग म्हणतात.

"सुरक्षितता म्हणतात याला," हसनुल सांगायचा.

रोहायाचं माहेर क्वाला पिलाहजवळच्या एका गावात. आमच्या भागात घर बाईचं, शेत बाईचं, आणि जावई हा जन्मभराचा पाहुणा. त्या घरच्या पाहुण्यांमध्ये थोरला मुनीर पहिला आणि हसनुल दुसरा. लग्न झाल्यापासून दर ईदला वान, म्हणजे त्याची सासू, मुनीरच्या मोठ्या गाडीत बसून घरोघर जायची. मागून किंकाळत येणाऱ्या गाडीत हसनुल आणि रेंडांगचं, म्हणजे नारळात आटवलेल्या मांसाचं, पातेलं. वानने एकदा तरी आपल्या शेजारी बसावं, एवढीच हसनुलची इच्छा होती. ती त्याने कुणाला सांगितली नव्हती, त्यामुळे सगळ्यांना माहीत होती.

गेल्या ईदच्या आदल्या संध्याकाळी मुनीरच्या गाडीचा गिअरबॉक्स बसला. हसनुलने चेहरा दुःखी ठेवायचा प्रयत्न केला.

"पॅड बदला हो बांग," रोहाया म्हणाली. "डबा डिकीतच आहे."

"वानला काय साधे ब्रेक द्यायचे?"

सकाळी मुनीर पायीच मशिदीत गेला. रोहायाच्या ओढणीची टाचणी सापडेपर्यंत बाकीच्यांना उशीर झाला. वान पुढे बसली, मांडीवर रेंडांग घेऊन. घरापासून मशिदीपर्यंत सगळा उतार, आणि गाडी रात्रभर रंबुतानच्या झाडाखाली दवात उभी. एरवी हसनुलने हिसके दिले असते. पण सासू शेजारी बसलेली असताना तिला हिसके देणं त्याला बरं दिसेना. त्याने गाडी लोण्यासारखी सोडली.

मशिदीशी त्याने ब्रेक दाबला. पेडल दगडासारखं घट्ट, गाडी मात्र निवांत पुढे. त्याने हातब्रेक ओढला, दोन्ही पाय पेडलवर रोवले. पॅडना अखेर जाग आली आणि जी किंकाळी उठली तिने आतला तकबीरचा घोष क्षणभर थांबवला. गाडीही थांबली. पुढची दोन्ही चाकं जमातीच्या चपलांवर होती. पातेल्यातला एक थेंबही सांडला नव्हता.

नमाज संपल्यावर लोक बाहेर आले आणि आपापल्या चपला ओळखू लागले. मुनीरच्या नव्या, चामड्याच्या, उजव्या चाकाखाली होत्या.

"हसनुल," इमामसाहेब म्हणाले, "पुढच्या वेळी तू आत ये. गाडी बाहेर ठेव."

वान जागची हलली नव्हती. "नुल, हे ब्रेक कुठे चालतात?"

"सेपांगला, वान."

"हे सेपांग आहे?"

"नाही, वान."

"मग?"

हसनुलने डिकीतून जॅक आणि बिस्किटांचा डबा काढला. ईदचा रेशमी सदरा, कमरेला गुंडाळलेलं जरीचं सांपिन, अशा थाटात तो चाकापाशी बसला. पॅड इतके थंड होते की हातात धरता आले, एवढाच काय तो त्यांचा उपयोग. मुनीर अनवाणी उभा राहून नट सांभाळत होता.

"बघा वान," मुनीर म्हणाला, "माझ्या चुलतभावाची व्हॅन आलीय. ऐसपैस आहे. चला तिकडे."

हसनुलचा पाना थांबला.

वानने व्हॅनकडे पाहिलं. "त्याने ब्रेक कधी बदलले?"

"ते काही मला माहीत नाही."

"याने आत्ता, माझ्यासमोर बदललेत." तिने पातेलं मांडीवर नीट टेकवलं. "नुल, आटप. लोक जेवायचे थांबलेत."

त्या दिवशी ती गाडी घरोघर गेली. आवाज नाही, हिसका नाही. तिसऱ्या घराशी कुणीच दारात आलं नाही तेव्हा वान जरा नाराज झाली. "मी मुनीरसोबत असायचे तेव्हा मागून तुझी गाडी ओरडायची, लोक आधीच दारात असायचे," ती म्हणाली आणि हात लांब करून स्वतःच हॉर्न दाबला. मागच्या सीटवरून रोहायाला हसनुलचे फक्त कान दिसत होते, आणि ते हसत होते असं ती शपथेवर सांगते.

आता कार्यालयात त्याचं येणं कळत नाही आणि आमचा चहा उशिरा होतो. सेपांगला तो अजून जातो, बिस्किटांचा डबा घेऊन. तिथून निघण्याआधी चाकापाशी बसून पॅड बदलतो, हात पुसतो आणि गावी फोन लावतो.

"काढले, वान."

"हं. मग ये जेवायला."