साहेबाच्या कोटाची पाठ

रशीदभाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी जळगावच्या बाजारात भरताची वांगी निवडत होतो. त्यांचा मुलगा सलीम धुळ्याहून बोलत होता. अब्बा सकाळी गेले, असरच्या नमाजानंतर मिट्टी आहे, जमलं तर या, एवढंच तो म्हणाला. मी ‘निघतो’ म्हटलं, फोन खिशात ठेवला आणि पुन्हा वांगी चाचपायला लागलो. दोन पिशवीत टाकली, मग भाजीवाल्या बाईला म्हटलं, राहू द्या. तिने काय झालं म्हणून विचारलं तर मला तिचाच राग आला. खरं म्हणजे राग रशीदभाईंचा आला होता. चारच दिवसांपूर्वी त्यांचा फोन येऊन गेला होता. तोच प्रश्न, गेली पाच-सहा वर्षं विचारत होते तोच. मी नेहमीसारखं ‘या रविवारी नक्की बघून सांगतो’ असं म्हणून ठेवलं होतं. रविवार यायला दोन दिवस बाकी होते. माणसाने दोन दिवस थांबू नये का... असं काहीतरी मी बाजारातून घरी येईपर्यंत मनात म्हणत राहिलो. आता हे लिहिताना त्याची लाज वाटते, पण तेव्हा तसंच वाटलं होतं, खोटं कशाला सांगू.

रशीदभाई धुळ्यातले टेलर. मी मूळचा एरंडोलचा, कॉलेजसाठी धुळ्याला राहिलो, आणि त्यांच्या दुकानावरच्या खोलीत माझी चार वर्षं गेली. ते माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठे. मी इंग्रजी घेऊन बी.ए. करत होतो म्हणून पहिल्या दिवसापासून मला ‘मास्तर’ म्हणायचे. पुढे मी जळगावच्या एका शाळेत खरोखरचा इंग्रजीचा मास्तर झालो तेव्हा त्याचं सगळं श्रेय त्यांनी स्वतःकडे घेतलं. त्या काळी धुळ्यात एका टॉकीजला रविवारी सकाळी इंग्रजी पिक्चर लागायचे. जुने, घासलेल्या रिळांचे, मध्येच तुटणारे. तिथे रशीदभाईंना साहेब भेटला.

साहेब म्हणजे हॉलिवूडचा एक नट. आमच्या तरुणपणी तो म्हातारा झालेला होता, पण धुळ्याला येणाऱ्या पिक्चरमध्ये तो कायम चाळिशीचाच असायचा. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण रशीदभाईंनी ते कधी विचारलं नाही आणि मी सांगितलं तेव्हा ऐकलं नाही. त्यांच्यासाठी तो साहेब. उंच, केस चापून बसवलेले, बोलताना आवाज कधी चढायचा नाही. भांडणाच्या प्रसंगातही समोरच्याचं बोलणं पूर्ण होऊ द्यायचा आणि मग भुवई किंचित उचलून असं काही म्हणायचा की समोरचा गप्प. दार उघडून बाजूला उभा राहायचा, बाईला आधी जाऊ द्यायचा. हे सगळं आम्हाला नवीन होतं. आमच्या घरांतून पुरुष आधी जायचे आणि बायका मागून, पिशव्या घेऊन. त्या सकाळच्या खेळाला कॉलेजची पोरं तो नट आणि त्याच्याबरोबरच्या सुंदर बायका बघायला यायची, आणि रशीदभाई कोट बघायला.

त्यांची बघण्याची पद्धत वेगळीच होती. एक पिक्चर लागला की तो उतरेपर्यंत दर रविवारी जायचं, आणि एका रविवारी कोटाचा एकच भाग बघायचा. पहिल्या रविवारी खांदे. दुसऱ्या रविवारी बाह्या आणि मुंढा. तिसऱ्या रविवारी कॉलर आणि छाती. खिशात कापडावर खुणा करायचा खडू असायचा. अंधारात स्वतःच्या काळ्या पॅंटीवर मांडीवर रेघा मारायचे आणि बाहेर आल्यावर उन्हात उभं राहून त्या वाचायचे. मला बरोबर न्यायचे ते गोष्ट समजावून सांगायला, असा माझा समज होता. पहिल्याच दिवशी मी हळू आवाजात, ती आता त्याला सोडून चालली आहे, असं सांगायला लागलो तर माझ्या गुडघ्यावर चापट बसली. “बाई जाऊ दे मास्तर. तो वळना का ते सांग.” पिक्चर काळा-पांढरा, तेव्हा सूटचा रंग काय यावर आमचा मोठा वाद व्हायचा. त्यांचं म्हणणं राखी, माझं निळा. कोर्ट त्यांचंच होतं, निकाल राखीचाच लागला.

एक पिक्चर असा आला की रशीदभाई वेडे झाले. त्यात साहेब बहुतेक वेळ एकाच सूटमध्ये होता. तीन रविवार झाले, खांदे, बाह्या, कॉलर पॅंटीवर उतरून झालं. राहिली पाठ. कोटाला मागे कमरेखाली चीर असते ना, बसताना कापड चुरगळू नये म्हणून, ती साहेबाच्या कोटाला एक आहे, मध्यभागी, की दोन आहेत, दोन्ही बाजूंना, हे त्यांना हवं होतं. पूर्ण पिक्चरमध्ये साहेब पाठ फक्त एकदा दाखवायचा, शेवटी, हॉटेलचा जिना चढून जाताना. तो चौथा रविवार शेवटचा, पिक्चर उतरणार होता. आणि नेमकं त्याच सकाळी पारोळ्याच्या एका नवरदेवाचा कोट छातीत घट्ट निघाला. दुपारची हळद, नवरदेवाचे मामा दुकानात ठाण मांडून बसलेले. रशीदभाईंना हलता येईना. त्यांनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाले, “तू जाय. काहीच नको देखू. जिना येवा लागना का फक्त मागे देख. एक शे का दोन.”

मी गेलो. जिना आला. साहेब वळला आणि पायऱ्या चढायला लागला. खाली ती नायिका उभी होती, एक हात कठड्यावर, आणि कॅमेरा दोघांनाही एकाच वेळी दाखवत होता. मी एकोणीस वर्षांचा होतो. मी तिच्याकडे बघत राहिलो. तिच्या गालावरून पाणी खाली आलं ते मला आजही आठवतं, कोट आठवत नाही. दिवे लागले तेव्हा लक्षात आलं की मी ज्या कामासाठी आलो ते केलेलंच नाही. दुकानात आलो तर ते नवरदेवाच्या कोटाची शिवण उसवत होते. मान वर न करता विचारलं, काय? मी म्हणालो, दोन. का म्हणालो माहीत नाही. दोन म्हणजे जरा जास्त साहेबी वाटलं असेल.

आणि मग त्यांनी दोन चिरा काढायला सुरुवात केली. धुळ्यात तोवर टेलर एकच काढायचे किंवा काढतच नसत. रशीदभाईंच्या कोटाला दोन. स्कूटरवर बसलं की मागचा तुकडा हवेत उडायचा. समोरच्या टेलरने त्याला बदकाची शेपटी असं नाव ठेवलं आणि ते गावभर झालं. माझ्या स्वतःच्या लग्नाच्या कोटाला तशी शेपटी होती, आणि माझे मेहुणे अजून तो फोटो काढून हसतात. एका वकिलाने मध्यभागी एकच हवी असा हट्ट धरला तर रशीदभाईंनी त्यांना कापड परत दिलं. वकील म्हणाले, तुम्हाला काय माहीत विलायतेत काय घालतात. त्यावर यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. “ह्या मास्तरने डोळ्यांनी देखेल शे.” मी बाकावर बसून चहा पीत होतो. मी मान हलवली. तेव्हा बोलता आलं असतं. त्यानंतरही शंभर वेळा बोलता आलं असतं. पण ती थाप दर वर्षी जुनी होत गेली आणि सांगणं दर वर्षी अवघड.

साहेबाच्या नादाने या माणसाने दुकानात काही रीती आणल्या होत्या. बाई आली की मशीनवरून उठून उभे राहायचे. मग ती यावलहून केळीच्या बागेत काम करून भावाकडे आलेली, ब्लाऊज शिवायला टाकणारी मजूर बाई असो. ती बिचारी मागे वळून बघायची, कोण मोठा माणूस आला म्हणून. गिऱ्हाईक तावातावाने बोलायला लागलं की हे ऐकून घ्यायचे आणि भुवई उचलायचे. त्यांची भुवई साहेबासारखी एकटी उचलली जात नसे, दोन्ही उचलल्या जायच्या आणि ते घाबरल्यासारखे दिसायचे. पण त्यांच्या तोंडून वावगा शब्द मी कधी ऐकला नाही. असल्या माणसाशी मी खोटं बोललो होतो.

मग रेडिमेड आलं, कोट भाड्याने मिळायला लागले, सलीम शाळांचे गणवेश शिवायला लागला. रशीदभाईंच्या डोळ्यांत काचबिंदू झाला. सुई ओवता येईना, नंतर माणूस ओळखू येईना. आणि सलीमने मोठा मोबाईल घेतला तेव्हा त्यांना कुणीतरी सांगितलं की आता जुने पिक्चर त्यात दिसतात. झालं. त्यांनी मला फोन केला. पिक्चरचं नाव काय, साहेबाचं नाव काय, हे दोन्ही घरात कुणाला ठाऊक नव्हतं, एकट्या मला ठाऊक होतं. त्यांचं म्हणणं, तू बघ आणि सांग, एक की दोन. मी चिडलो. म्हटलं, भाई, सांगितलं होतं ना तेव्हा, दोन. ते म्हणाले, “तव्हा तू पोऱ्या व्हता मास्तर. आते देखीसन सांग.”

म्हणजे त्यांना शंका होती. कधीपासून, ते मला माहीत नाही. मला त्या वाक्याचा अपमान वाटला. माझ्या शब्दावर इतकी वर्षं कोट कापले आणि आता पुरावा मागता? चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. त्यानंतर दर एक-दोन महिन्यांनी फोन, तब्येत, पाऊसपाणी, आणि शेवटी तेच. मी बघतो म्हणायचो. नातीची परीक्षा आहे, घरात रंगकाम काढलंय, नेट चालत नाही. नेट चांगलं चालत होतं. मी रोज दुपारी त्याच मोबाईलवर बातम्यांवरून भांडणारी माणसं बघत होतो. पिक्चर लावला आणि एकच निघाली तर काय करायचं, एवढीच भीती होती. सत्तरीला आलेला माणूस एका चिरेला घाबरत होता.

मातीला मी पोहोचलो. परत आल्यावर तिसऱ्या दिवशी दुपारी जेवण झाल्यावर पिक्चर शोधला. मिळाला. गोष्ट बघितली नाही, सरळ शेवटाकडे गेलो. नायिका कठड्याला धरून उभी, मी या वेळी तिच्याकडे बघितलं नाही. साहेब वळला. खांदे अगदी रशीदभाईंनी उतरवले होते तसेच. पायरी, दुसरी पायरी, तिसरी... कोटाला चीर नव्हती. एकही नाही. पाठ सलग खाली आलेली, पायरी चढताना एक सुरकुती पडायची आणि निघून जायची. मी ते पुन्हा पुन्हा लावलं. बायको आतून म्हणाली, तेच तेच काय बघताय. धुळे, पारोळा, दोंडाईचा, कुठकुठल्या नवरदेवांच्या पाठीवर माझी थाप दोन-दोन चिरा पाडून फिरली होती, आणि ज्याला ते सांगायचं तो माणूस उरला नव्हता. मी हातातला मोबाईल पलंगावर आपटला. त्याने काय होणार होतं.

चाळिसाव्याला पुन्हा धुळ्याला गेलो. लोक जेवून गेल्यावर सलीमने मला दुकानात नेलं. वरच्या कपाटातून मलमलीत गुंडाळलेला एक कोट काढला आणि टेबलावर पसरला. राखी लोकरीचा. रशीदभाईंच्या अंगावर मी जन्मात कधी कोट बघितला नव्हता, लोकांचे शिवायचे आणि स्वतः पांढऱ्या सदऱ्यात. हा त्यांच्या मापाचा होता. खांदे, बाह्या, काजं, अस्तर, सगळं पक्कं. फक्त पाठ पांढऱ्या दोऱ्याच्या कच्च्या टाक्यांवर, आणि कापड मधोमध जास्तीचं सोडलेलं, दोन्ही बाजूंनाही जास्तीचं सोडलेलं.

सलीम म्हणाला, डोळे जायच्या आधी कापला होता आणि पाठ तशीच ठेवली होती, मोबाईल आल्यावर म्हणाले की मास्तर बघून सांगेल तशी पाठ शिवायची, तोवर हात लावायचा नाही. आता ती पुरी करावी असं त्याच्या मनात होतं. माप जवळपास त्याचंच आहे, ईदला तो घालणार होता. त्याने टेबलावरची कात्री जवळ ओढली आणि विचारलं, “मग काका, एक की दोन?”

“एकही नाही,” मी म्हणालो. “त्या वेळी मी बघितलंच नव्हतं सलीम. मी तुझ्या अब्बांना खोटं सांगितलं.”

त्याने कात्री खाली ठेवली. मग विचारलं, आता कधी बघितलं. मी म्हणालो, ते गेल्यावर तिसऱ्या दिवशी. किती वेळ लागला, असं त्याने विचारलं, आणि मी खरं ते सांगितलं, पाच मिनिटं. तो रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. त्याने कोट उलटा केला आणि कच्चे टाके एक एक ओढून काढायला लागला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाला,

“सांगायचं होतं ना काका. त्यांनी घातला तरी असता.”