बारा घरांची यादी

आमच्या ताई कधी चुकत नाहीत, हे मी आजवर शंभर जणांना तरी छातीठोकपणे सांगितलं असेल. मी गाड्या सोडणारा माणूस. नवजात बाळांना घरी जाऊन तपासणाऱ्या तीन गाड्या, प्रत्येकीत एक नर्स, आणि साडेआठच्या ठोक्याला तिन्ही फाटकाबाहेर. उशीर झाला की माझं डोकं फिरतं, हे सगळ्यांना माहीत आहे. जायचं कुठल्या घरी, ते ताई ठरवायच्या.

ताई मुळात लसीकरणाच्या नोंदी लिहायला लागलेल्या. चाळिशी उलटल्यावर लेकीची कॉलेजची पुस्तकं घेऊन बसल्या आणि हजारो जुन्या नोंदींवर, कुठल्या बाळाला किती धोका ते सांगणारं एक मॉडेल शिकवून तयार केलं. सात केंद्रांवर जन्मलेल्या बाळांची वजनं रोज सकाळी यायची, ताई ती आपल्या कॉम्प्युटरला चारायच्या आणि सगळ्यात जास्त धोका असलेली बारा घरं बाहेर पडायची. बाराच, कारण तीन गाड्यांना दिवसात तेवढीच जमतात. एक चष्मा नाकावर, दुसरा डोक्यावर, आणि बाई शोधतायत तिसरा. मी चेष्टा केली की म्हणायच्या, आधी आपल्या गाड्यांची चाकं मोजा.

मग वरून फर्मान आलं. सगळ्या केंद्रांचे आकडे वर्षभरापासून क्लाउडवरच्या डेटा वेअरहाऊसमध्ये, म्हणजे आमच्या भाषेत गोदामात, साठत होतेच. आता ताईंचं मॉडेलही उचलून तिथेच ठेवायचं. यादी रोज तिथूनच आपोआप निघेल. हे काम करायला मुख्य कार्यालयातून एक मॅडम आल्या. मला काही उमगेना, तेव्हा ताईंनी सांगितलं की आजवर माहिती मॉडेलच्या घरी यायची, आता मॉडेल माहितीच्या घरी नांदायला जाणार. सासर बरं आहे ना, असं मी विचारलं. त्या हसल्या नाहीत.

मॅडमनी पंधरा दिवस दोन्हीकडून उत्तरं काढली. ताईंनी करून दिलेल्या वजनांच्या तक्त्यावर जुनं मॉडेल चालवायचं, त्याच तक्त्यावर गोदामातलं चालवायचं आणि ताडून पाहायचं. चौथ्या दशांशापर्यंत जुळलं. सोमवारपासून गोदामाची यादी, असं ठरलं.

सोमवारी आठ वाजून पाच मिनिटांनी यादी आली. ताईंनी ती वरपासून खालपर्यंत बोट फिरवत वाचली, मग पुन्हा वाचली. धरणाकडच्या केंद्रातलं एकही बाळ यादीत नव्हतं. एरवी तिथली तीन-चार तरी असायचीच. गाड्या सोडू नका, एवढंच त्या मला म्हणाल्या.

मॅडम म्हणाल्या, मॉडेल तेच आहे, आकडे थेट केंद्रातून आलेत, चूक होईलच कशी? ताईंनी नाकावरचा चष्मा काढून टेबलावर ठेवला. घड्याळात सव्वाआठ झाले होते आणि खाली ड्रायव्हर हॉर्न वाजवत होते.

शेवटी त्या म्हणाल्या, "धरणाकडचा वजनकाटा दोनशे ग्रॅम जास्त दाखवतो. तक्ता करताना मी तेवढे वजा करते. सात वर्षं करतेय."

मॅडमच्या हातातलं पेन खाली आलं. आकड्यांना परस्पर हात लावायचा नाही, हा आमच्याकडचा पहिला नियम, आणि मॅडमनी तो बोलून दाखवला. त्यापायी एकाची नोकरी गेलेली मी पाहिली आहे. ताईंनी नव्या काट्यासाठी तीनदा लिहिलं होतं, तिन्ही वेळा उत्तर नाही. मग गुपचूप वजाबाकी सुरू केली आणि कुणाला सांगितलं नाही. मॉडेल गोदामात गेलं, पण वजाबाकी ताईंच्याच कॉम्प्युटरवर राहिली.

मला भयंकर राग आला, आणि तो मी मॅडमवर काढला. म्हटलं, या बाईनं स्वतःची नोकरी पणाला लावून पोरं वाचवली आणि तुम्ही नियम कसले शिकवता? वजा करा दोनशे आणि काढा यादी. बोलता बोलता मला एकदम आठवलं. हिरव्या खोक्यातला, फीत बांधलेला नवा काटा. माझ्याच गाडीतून धरणाकडे गेला होता. पोच मीच घेतली होती, सही माझी होती. दोघींच्या माना माझ्याकडे वळल्या. गप्प बसलो असतो तर ताईंची शान राहिली असती. तसा मोह झाला, खोटं कशाला सांगू.

"ताई," मी म्हणालो, "तो काटा बदललाय. अकरा महिने झाले."

त्यांनी धरणाकडच्या सिस्टरला फोन लावला आणि किलोचं माप काट्यावर ठेवायला सांगितलं. आम्ही तिघं त्या फोनकडे बघत उभे. पलीकडून सिस्टर म्हणाली, बरोब्बर एक किलो. पुन्हा ठेवा, ताई म्हणाल्या. पुन्हा एक किलो.

गोदामाची यादी बरोबर होती. गाड्या तीच घेऊन आठ बत्तीसला निघाल्या. दोन मिनिटं उशीर, आणि मी कुणाला काही बोललो नाही.

ताई उठल्या नाहीत. अकरा महिने धरणाकडची धडधाकट बाळं त्यांच्या वजाबाकीनं अशक्त ठरली होती, आणि बाराच्या यादीत ती शिरली की दुसरी कुणीतरी बाहेर पडली होती. त्यांनी मॅडमना विचारलं, मागचे सगळे दिवस मूळ आकड्यांवर काढता येतील का? मॅडम नको म्हणत होत्या. ताईंनी ऐकलं नाही. अकरा महिन्यांच्या याद्या मिनिटभरात आल्या. भेट व्हायला हवी होती आणि झाली नाही, अशी एकेचाळीस घरं.

सगळे फोन त्यांनी स्वतः केले. मी शेजारी बसून होतो, कुठे गरज लागली तर गाडी पाठवायला. बहुतेकांनी बाळ मजेत असल्याचं सांगितलं. एकीनं बाळाचं हसू ऐकवलं. चाळीस घरं अशी झाली, आणि माझा जीव भांड्यात पडत आला होता.

एकेचाळिसाव्या घरचं बाळ नवव्या दिवशी गेलं होतं. त्याच्या आईनं आवाजही चढवला नाही. ताईंनी, आपल्याकडून भेट राहून गेली, असं कसंबसं सांगितलं, तर तिला ते पटेचना.

"तुमची गाडी आली होती की," ती म्हणाली. "समोरच्या घरी. धरणाकडे बाळंत झालेली आहे ना, तिच्याकडे. आम्ही दार उघडून उभे होतो."