साबणाचा फेस आणि तांब्याची सळई

"विचारल्याशिवाय गॅस काय सांगत नाय," असं म्हणत ताई दाढीचा ब्रश साबणाच्या फेसात बुडवायच्या आणि सिलिंडरच्या तोंडापासून जनरेटरपर्यंत प्रत्येक जोडाला फेस लावत जायच्या. मग उकिडव्या बसून बघत राहायच्या. बुडबुडा फुगला, तर गळती.

दिंडोरी रोडवरच्या एका लॉन्सचा मी व्यवस्थापक आहे. तिथे लग्नाला आला असाल, तर तुम्ही त्यांना पाहिलंच असेल. साडीवर नवऱ्याचा खाकी शर्ट आणि पायात रबरी बूट. नवरा गेल्यावर जनरेटर भाड्याने द्यायचा त्याचा धंदा त्यांनी एकटीने चालवला. डिझेलच्या धुराला पाहुणे नाक मुरडतात, म्हणून गॅसवर चालणारा जनरेटर आणला.

सिलिंडर कायम उभा, मंडपापासून लांब, मोकळ्यावर. मग ओलसर जागा बघून तांब्याची सळई जमिनीत ठोकायच्या, वर बादलीभर पाणी ओतायच्या आणि जनरेटरच्या अंगाची हिरवी तार सळईला घट्ट आवळायच्या. वीज कुठे फुटलीच, तर तिनं माणसातून न जाता इथून जावं, असं त्या सांगत. एकदा एका वाढप्याने त्या तारेवर पंचा वाळत घातला. ताईंनी त्याला अर्थिंगचा अख्खा धडा ऐकवला आणि मग आपल्या डब्यातलं थालीपीठही दिलं.

एका लग्नाचा मुहूर्त साडेबाराचा होता आणि अकराला लाइट गेली. ताईंनी फेस लावला. रेग्युलेटरपाशी हरभऱ्याएवढा बुडबुडा फुगला. त्यांनी लगेच सिलिंडरची चावी बंद केली आणि मला सांगितलं, की इकडे कुणी काडी ओढायची नाही, बटण दाबायचं नाही. हा गॅस जड असतो, जमिनीलगत रेंगाळतो. मी धावत जाऊन दोन विड्या विझवायला लावल्या.

नवऱ्यामुलाचे वडील, पंचवटीतले भाजीचे व्यापारी, माझ्या मागोमाग आले. एवढ्याशा बुडबुड्याने काय होतं, माणसं घामाने भिजलीत, मशीन सुरू करा, म्हणाले. ताई वायसर बदलत राहिल्या. व्यापाऱ्यांचा आवाज चढला. पुन्हा हा जनरेटर या लॉन्सवर दिसणार नाही, असं त्यांनी माझ्याकडे बघून बजावलं. मी खाली मान घातली.

ताईंनी घाई केली नाही. गॅस वाऱ्यावर विरेपर्यंत थांबल्या. तोवर माइक बंद असल्यामुळे बायकांनी उखाणे घेत मंडपाचा ताबा घेतला होता. एका आजीबाईंनी आपल्या म्हाताऱ्याचं नाव इतकं लांबवून घेतलं, की म्हातारा खुर्चीतून उठून पळाला. वऱ्हाड हसून लोळायचं बाकी होतं.

मग ताईंनी चावी उघडली आणि ब्रश व्यापाऱ्यांपुढे धरला.

"दादा, आता तुम्ही विचारा त्याला. तुमची माणसं हायेत."

फेटा सावरत ते उकिडवे बसले. जोडाला फेस लावला. पंधरावीस पाहुणे भोवती गोळा झाले. बऱ्याच वेळाने ते, परीक्षेत पास झालेल्या मुलासारखे, हळूच म्हणाले, "नाही आला."

सळईची तार एकदा ओढून बघून ताईंनी मशीन सुरू केलं. पंखे फिरले, सनई लागली, मुहूर्त साधला. जेवताना व्यापारी टेबलाटेबलाशी जाऊन बुडबुड्याची गोष्ट सांगत होते. आइस्क्रीम येईपर्यंत तो लिंबाएवढा झाला होता.

त्या दिवशी आवराआवर करताना मी कबूल केलं, की मी तुमच्या बाजूने बोलायला हवं होतं.

"हवं व्हतं," ताई म्हणाल्या आणि वायरचं दुसरं टोक माझ्या हातात दिलं, गुंडाळायला.

दोन वर्षांपूर्वी त्यांनी धंदा विकला. देवळाली कॅम्पात लष्कराच्या मेसमधून निवृत्त झालेल्या एका विधुर आचाऱ्याशी लग्न केलं आणि जेवण आमच्याच लॉन्सवर, भर दुपारी दिलं. पुरणपोळ्या नवरदेवाने स्वतः केल्या होत्या. ताईंच्या हातात हिरव्या बांगड्या होत्या आणि त्या वाजतात म्हणून ताई लाजत होत्या.

आता त्या सटाण्याकडे, आचाऱ्यांच्या गावी असतात. आमच्याकडे आपोआप सुरू होणारं मोठं मशीन आलंय. कुणाला हाक मारावी लागत नाही.

लग्नाचं जेवण उरकल्यावर त्या दुपारी दोघं स्कूटरवरून निघाली. पहिल्याच वळणावर ताईंचा गजरा उडाला. आचाऱ्यांनी स्कूटर थांबवली, मागे पळत जाऊन तो उचलला, धूळ फुंकली आणि भर रस्त्यात, मागे हॉर्न वाजत असताना, त्यांच्या केसांत माळत उभे राहिले.