लायसन बंद असताना

नेकनूरच्या अलीकडं जीप उलटली तेव्हा मी सुनेच्या अंगावर पडले होते आणि नात कुठं आहे ते दिसत नव्हतं. नुसतं तिचं रडणं ऐकू येत होतं. शेळी आडवी आली, आमच्या मालकांनी जीप बाजूला घेतली, आणि चाक रस्ता सोडून खाली गेलं.

मालकांचं लायसन तेव्हा तीन महिन्यांसाठी बंद होतं. भाडं मारताना जीपमध्ये जास्त माणसं भरली म्हणून आरटीओच्या साहेबांनी काढून घेतलं होतं. आमचा समज असा, की बंदी भाड्यापुरती आहे. घरची माणसं घेऊन चतुर्थीला लिंबागणेशला जायला लायसन कशाला? विमा तर भरलेला होता. गल्लीत कोणाला विचारलं असतं तरी त्यानं हेच सांगितलं असतं.

दुसऱ्या दिवशी विम्याचा एजंट घरी आला. माझा मोडलेला हात गळ्यात होता, मालकांच्या कपाळाला टाके.

एजंट म्हणाला, "काका, लायसन बंद असताना गाडी चालवली, तर जीपचं काहीच मिळत न्हाई. सूनबाईचं लायसन हाय ना? त्याच चालवत होत्या असं लिहू."

सून म्हणाली, "लिहा. मी सही करते."

मीही लिहा म्हणाले. जीप गेली तर खायचं काय? त्याचं मला आजही वाईट वाटत नाही.

मालक म्हणाले, "तिच्या मांडीवर पोर होती. गाडी मी चालवत होतो."

"ते कोण बघाय आलंय, काका?"

"म्या बघितलंय."

मी म्हणाले, "माणसं कोंबताना कुठं गेलतं हे खरेपण?"

"तवा बी मीच कोंबली. माझं केलेलं तिच्या नावावर कावून घालू?"

एजंट मालकांचंच नाव लिहून कागद घेऊन गेला. पुढं कंपनीचं नकाराचं पत्र आलं आणि जीप भंगारात गेली. मी दोन महिने मालकांशी धड बोलले नाही.

मालकांचं कौतुक करायची मला सवय नाही. त्यांच्यात खोडी पुष्कळ आहेत. पण सुनेच्या लायसनवर त्यांनी डाग पडू दिला नाही, हे लई मोठं काम केलं. त्याच लायसनवर ती आज शाळेची गाडी चालवते आणि आमचं घर चालतं. स्वतःचं लायसन परत मिळाल्यावरही मालकांनी तिच्याकडं त्या गाडीची चावी मागितली नाही. आणि जीपवरून सुनेनं त्यांना एका शब्दानं कधी टोचलं नाही. माझ्याच्यानं ते झालं नाही.

त्या दिवशी जीपमध्ये मालक, सून, नात आणि मी होतो. चौघंही जगलो.