भिंतीतला पिंपळ

धरणगावच्या माझ्या दुकानाच्या मागच्या भिंतीत पिंपळ उगवला होता. दरवर्षी मी तो कापायचो आणि मेला पुन्हा फुटायचा. एका शनिवारी कारण सापडलं. डोक्यावर कापसाचं गाठोडं घेतलेली एक म्हातारी थांबली, तांब्यातलं पाणी तिनं खुंटाला घातलं आणि पदर सारखा करून हात जोडले.

"अक्का, भिंत पडेल माझी!" मी ओरडलो.

तिनं आधी तांब्यातला शेवटचा थेंब झटकला. मग म्हणाली, "भाऊ, भिंत तू बांधेल शे, परत बांधशी. हाऊ आपला आपला उना."

पिंपळ म्हणे आपणहून आला! मी तिला हाकललंच. नावही विचारलं नाही.

पावसाळ्यात भिंत पडली. गवंड्यानं विचारलं, "शेठ, पिंपळ मुळासकट काढू?"

"राहू दे," मी म्हणालो. "भिंत दोन हात आत घे."