मिरचीच्या हाताची जखम

चिंचपोकळीच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरने मला फसवलं. लालबागला माझं मिरचीचं दुकान आहे. पोती उचलत उचलत मालक झालो. पोतं ओढताना लोखंडी आकडा उजव्या तळहातात, अंगठ्याच्या मुळाशी घुसला, तेव्हा पट्टी करून तो म्हणाला, "शेठ, पाणी लावू नका. बस्स."

मी थेंब लागू दिला नाही. आंघोळीला हातावर पिशवी बांधली. तरी जखम भरायची आणि पुन्हा उकलायची. वर्षभरात तिथे कडक गाठ झाली, अंगठा पुरता उघडेना.

परळच्या हॉस्पिटलातली डॉक्टरीण माझ्या मुलीच्या वयाची. "काका, तुकडा काढून तपासू. अशा चिघळत्या जखमेत कधीकधी कॅन्सर होतो."

"रिपोर्ट कधी?"

"आठ दिवसांनी."

"चार करा."

"ही भाजी नाही, काका."

ते आठ दिवस मी कुणाशी घासाघीस केली नाही. बायको म्हणाली, "आता मात्र तुम्ही खरंच आजारी दिसता."

कॅन्सर निघाला नाही. मग डॉक्टरणीने समजावलं. जखम झाली की शरीरातली काही प्रथिनं हाका मारतात. पेशी जमतात आणि कोलाजेन नावाच्या प्रथिनाचे धागे विणून भोक बुजवतात. काम झालं की हाका थांबायला हव्यात. नाही थांबल्या, तर धाग्यांवर धागे चढून जागा कडक होते. लिव्हरमध्ये, फुप्फुसातही असंच होतं. कॅन्सरची गाठसुद्धा याच हाकांवर स्वतःला पोसून घेते.

"मग माझ्या का थांबल्या नाहीत?"

"दिवसभर या हाताने काय करता?"

मी करून दाखवलं. मिरची मोडायची, दोन्ही तळव्यांत चोळायची, रंग बघायचा, वास घ्यायचा.

"जखम असतानाही?"

"पट्टी जरा सरकवून. कापडावर रंग कसा कळणार?"

ती बराच वेळ हसत होती. मीही हसलो.

आता व्यायामाने अंगठा बराच उघडतो. मिरची मी बोटांच्या टोकांनी पारखतो. नाक अजून शाबूत आहे. धंदा चालू आहे, जेवण गोड लागतं.

पण तो कंपाउंडर दर उन्हाळ्यात मसाल्याची मिरची माझ्याकडूनच नेतो. त्या वर्षीही आला होता. पट्टी सरकवून चोळलेली मिरची त्याने माझ्याच तळव्यावर वाकून पाहिली, वास घेतला आणि म्हणाला, "झकास." ज्याला पाणी सुचलं, त्याला मिरची कशी दिसली नाही? याचं उत्तर त्याने माझ्या दुकानात, माझ्यासमोर उभं राहून द्यावं.